बारागाड्यांचा कंडक्टर

माझ्या फोटो स्टुडिओच्या बाकड्यावर चार टाळकी जमली की कुणीतरी म्हणतंच, "अण्णा, नानांचा एखादा सांगा ना!" एखादा? एखाद्यावर कधी भागलंय का! एक सांगायला घ्यावा तर दुसरा आधीच दारात येऊन उभा. शिवाय हे किस्से काही माझ्या एकट्याकडे नाहीत. न्हाव्याच्या दुकानात वेगळे, रसवंतीवर वेगळे. आणि गंमत म्हणजे सांगणारा प्रत्येकजण त्या वेळी तिथे हजर होता! या सगळ्या साक्षीदारांना खरोखर गोळा केलं तर एसटीच्या दोन गाड्या भरतील. मी आपले स्वतः पाहिलेलेच सांगतो. थोडं मीठ लावलं असेल, पण भाजी माझ्याच घरची.

गावाचं नाव मात्र विचारू नका. जळगावहून धुळ्याकडे जाताना एरंडोल मागे पडलं की रस्त्यापासून जरा आत आहे, एवढं पुरे. यातली निम्मी माणसं अजून हयात आहेत, तब्येतीने ठणठणीत आहेत आणि माझ्याकडेच पासपोर्ट फोटो काढायला येतात!

नाना म्हणजे आमचे रिटायर्ड एसटी कंडक्टर. उंची बेताची, अंग काटकुळं, आवाज मात्र असा की ड्रायव्हरला बेलची गरज पडू नये. उभी नोकरी जळगाव-धुळे रस्त्यावर काढली. ऐंशीच्या दशकात निवृत्त झाले आणि पुढची बरीच वर्षं आमच्या यात्रा समितीचे अध्यक्ष होते. माणूस कधी खोटं बोलला नाही. थाप मारता यायची नाही म्हणून नव्हे हो, थाप मारायची त्याला कधी वेळच आली नाही!

*

पहिला किस्सा नोकरीतला. मी जळगावला फोटोचे कागद आणायला निघालो होतो. गाडी खच्चून भरलेली. एका स्टॉपवर पांढरेशुभ्र कपडे घातलेला एक गृहस्थ चढला, मागे दोन कार्यकर्ते. कार्यकर्त्यांनी लगेच आरोळी ठोकली, "साहेबांची जीप बंद पडली आहे! आमदारांची राखीव सीट खाली करा!"

त्या सीटवर एक म्हातारी मांडीवर कोंबडी घेऊन बसली होती. ती म्हणाली, "मी काबरं उठू? जागा मनी शे!"

कार्यकर्ते तापले. सगळी गाडी नानांकडे बघायला लागली. आता नाना काय करणार? सीटवर तर पाटी होती, आमदारांसाठी राखीव म्हणून. नाना शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे. आजी, ही सीट आमदारांची आहे. उठावं लागेल. साहेब, पास दाखवा."

साहेबांनी खिसे चाचपले. कार्यकर्त्यांनी खिसे चाचपले. पास कुठला! साहेब आयुष्यात पहिल्यांदा एसटीत चढले होते.

"पास नाही? मग तिकीट काढा."

साहेबांनी मुकाट्याने तिकीट काढलं. नानांनी टिकटिक करून तिकीट हातात दिलं आणि म्हणाले, "आता तुम्ही आणि या आजी सारखेच. आणि आजी आधी बसल्या आहेत!"

साहेब जळगावपर्यंत दांडीला धरून आले. खरं सांगायचं तर वाईट माणूस नव्हता. उतरताना त्याने कोंबडीची विचारपूस केली.

*

नाना अध्यक्ष कसे झाले, तोही तमाशाच. चैत्रात आमच्या मरीआईची यात्रा भरते. त्या वर्षी वरच्या आळीला वाटत होतं अध्यक्ष आपला पाहिजे, खालच्या आळीला वाटत होतं आपला. कन्हैयाशेठच्या किराणा दुकानासमोर सकाळपासून बैठक चाललेली. दुपार झाली, आवाज बसले, दोघातिघांच्या टोप्या हरवल्या, अध्यक्ष काही ठरेना.

नाना शेठकडे चहापत्ती घ्यायला आले होते. पाच मिनिटं ऐकत उभे राहिले आणि त्यांनी आपला तो आवाज लावला, "ज्याला अध्यक्ष व्हायचं नाही, त्याने हात वर करा!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. एकाचा हात वर जाईल तर शपथ! उदाहरण घालून द्यावं म्हणून नानांनी स्वतःचा हात वर केला.

दोन्ही आळ्या एकदम ओरडल्या, "ठरलं! नाना अध्यक्ष!" दुसऱ्या आळीचा होण्यापेक्षा नको म्हणणारा बरा, असा हिशोब. मी सेक्रेटरी झालो, कारण माझं अक्षर बरं. नाना चहापत्ती विसरूनच घरी गेले आणि काकूंनी त्यांना त्याच पावली परत पाठवलं.

*

आमच्या कन्हैयाशेठची सात पिढ्यांची मुळं राजस्थानात, पण बोलणं अस्सल आमच्यासारखं. यात्रेत त्यांनी वडिलांच्या नावाने पाणपोई घातली. पेंटरकडून पाटी अशी करून घेतली की पार रस्त्यावरून दिसावी! वडिलांचं नाव लाल, स्वतःचं नाव निळं, आणि रांजण मात्र दुपारी बारालाच कोरडे. नोकर झाडाखाली घोरतोय.

नाना शेठला हाताला धरून पाटीखाली घेऊन गेले आणि म्हणाले, "इथे पाच मिनिटं उभे राहा. काही बोलू नका."

शेठ उभे राहिले. उन्हातून माणसं येत होती, पाटी वाचत होती, रांजणात तांब्या खडखडवत होती आणि शेठच्या कैलासवासी वडिलांना एकेक शिवी हासडून पुढे जात होती. तिसऱ्या शिवीला शेठचा चेहरा पडला.

"नाना, बस करा! बापूजींना घातलेल्या शिव्या आता ऐकवत नाहीत!"

त्या दिवसापासून यात्रा संपेपर्यंत शेठ स्वतः धोतर खोचून रांजण भरत होते. पुढच्या वर्षी पाटी काढून टाकली, तरी अजून लोक म्हणतात, चला, शेठच्या वडिलांचं पाणी पिऊन येऊ!

*

यात्रेत तमाशाचा फड यायचा. सगळ्यात मोठं भांडण तिथे, खुर्च्यांचं! पुढच्या रांगेत फौजदार, त्यांचे मेहुणे, त्यांचे पाहुणे, मग पुढारी, मग पुढाऱ्यांचे ड्रायव्हर. मागे जमिनीवर बसलेल्या पब्लिकला दिसायच्या त्या खुर्च्यांच्या पाठी आणि टक्कल. फडाची मालकीण एकदा वैतागून म्हणाली होती, "नाना, मी बतावणी सोंगाड्याबरोबर करायची की खुर्च्यांबरोबर? हसायला समोर कुणी नाहीच!"

पुढच्या वर्षी नानांनी सगळ्या खुर्च्या मागे नेऊन मांडल्या आणि पुढे सतरंज्या. फौजदार आले, बघतात तर मानाच्या खुर्च्या शेवटच्या रांगेत.

"हा काय प्रकार आहे, अध्यक्ष?"

"साहेब, मोठ्या माणसांना लांबचं दिसतं. गरिबांना जवळ बसावं लागतं," नाना म्हणाले. चेहरा इतका सरळ की फौजदारांना रागवायला जागा सापडेना.

गण झाला, गवळण सुरू झाली, ढोलकी तापली. बतावणीत सोंगाड्याने पहिलाच बार उडवला आणि सतरंज्यांवर हशा उसळला. मागे फौजदार शेजाऱ्याला विचारत होते, "काय म्हणाला? काय म्हणाला?" दहा मिनिटं त्यांनी दम धरला. मग टोपी काढून काखेत मारली आणि हळूच पुढे सरकत सतरंजीवर आले. तिथे एक शेंगावाला बसला होता. तो म्हणाला, "या साहेब, जरा पुढे सरका, मागे माणसं आहेत!"

फौजदार सरकले.

*

आता घरचा किस्सा. यात्रेत कुस्त्यांची दंगल असायची आणि शेवटच्या मानाच्या कुस्तीत नानांचा सख्खा पुतण्या उतरला. समोर पारोळ्याकडचा पैलवान. सगळं गाव पुतण्याच्या बाजूने. धुरळा एवढा उडाला की पाठ लागली की नाही हे पंचांनाही दिसलं नाही. गाव ओरडतंय, "नाही लागली! नाही लागली!" पंच गावाला घाबरलेला. पाहुणा पैलवान केविलवाणा होऊन इकडेतिकडे बघतोय.

नाना उठले. "लागली पाठ!"

पुतण्या चिडून आला, "काका, तुम्ही माझे की त्याचे?"

"तुझाच रे बाबा. लहानपणी तुला अंघोळ मी घातली आहे. धुळीत उमटलेली तुझी पाठ मी नाही ओळखणार?"

पाहुण्या पैलवानाने येऊन नानांचे पाय धरले. काकूंनी आठवडाभर नानांशी अबोला धरला आणि नाना मला म्हणाले, "नोकरी सुटल्यापासून एवढी शांतता पहिल्यांदाच मिळाली!"

*

आता भाऊसाहेब. त्यांच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. भाऊसाहेब म्हणजे तालुक्याचे पुढारी. माणूस दिलदार, पण कॅमेरा दिसला की छाती आपोआप फुगायची. नव्वदनंतरची गोष्ट. निवडणूक तोंडावर आली होती आणि भाऊसाहेब उभे राहणार होते.

आमच्या यात्रेचा मान म्हणजे बारागाड्या. बारा बैलगाड्या बैल सोडून एकामागे एक बांधतात. गाड्यांवर माणसं बसतात. भगत अंगाला हळद लावून, कमरेच्या आकड्याला दोर अडकवून मरीआईचं नाव घेतो आणि त्या बाराही गाड्या देवळापर्यंत ओढत नेतो! दोन्ही बाजूंनी दोन बगले त्याला सांभाळतात. बाहेरच्याला पटत नाही. मी दरवर्षी फोटो काढतो, मलाही दरवर्षी नव्याने काटा येतो.

तर यात्रेच्या चार दिवस आधी भाऊसाहेबांनी मला मैदानावर बोलावलं. गाड्या बांधून तयार होत्या. भाऊसाहेबांनी परीटघडीचा कुर्ता चढवला, कमरेला दोर लावला आणि पुढे वाकून म्हणाले, "अण्णा, काढ! ओढतोय असं दिसलं पाहिजे!" काढला. धंदा आहे माझा. दोन दिवसांत गावभर पोस्टर. बारागाड्या ओढणारे भाऊसाहेब!

कार्यकर्ते नानांना मुद्दाम पोस्टरसमोर घेऊन गेले. भाऊसाहेबही होते. "कसं काय वाटतं, नाना?"

नानांनी चष्मा पुसला. जवळ जाऊन एकेक गाडी बघितली. म्हणाले, "फोटो झकास आहे. पण भाऊसाहेब, बाराही गाड्या रिकाम्या! मतदार कुठे आहेत?"

चौकात जो हशा पिकला! पानटपरीवाला हसता हसता कात सांडून बसला. भाऊसाहेबांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "असं काय? यंदा गाड्या भरूनच दाखवतो!" म्हणाले आणि जीपमध्ये बसून गेले. नाना घरी येताना मला म्हणाले, "अण्णा, जीभ घसरली रे. यापायी काहीतरी वाढून ठेवलंय आता."

*

आणि वाढून ठेवलेलंच होतं. यात्रेचा दिवस. त्या वर्षी भगत नवा, तुकाराम. बापाचे गुडघे गेले म्हणून पोराकडे मान आलेला. पोरगं मेहनती, पण पहिलीच वेळ. सकाळी त्याची आई नानांकडे आली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "नाना, मना पोऱ्या पायवर चालीसन घर येवाले जोयजे. दुसरं काही नको माले." नाना म्हणाले, "अक्का, मी आणून सोडतो त्याला." एकदा नाना बोलले म्हणजे बोलले.

दुपारी बघतो तर काय! ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून भाऊसाहेबांची माणसं आली आणि नाना पोहोचायच्या आत गाड्यांवर चढलीसुद्धा. बसलेली, उभी, लोंबकळलेली. गाड्यांची चाकं मातीत रुतायला लागली. पहिल्या गाडीवर गळ्यात हार घालून भाऊसाहेब, आणि त्यांच्या शेजारी घोषणा देणारा हिरामण. हिरामण म्हणजे कापसाचा दलाल, भाऊसाहेबांचा उजवा हात.

एवढा भार तुकारामाने ओढायचा कसा? गाड्या हलल्या नाहीत तर गाव म्हणणार देवी रुसली, आणि त्याच्या घराण्याचा मान जाणार. आणि ओढता ओढता पाय घसरला तर मागे पहिल्या गाडीचं चाक. आमच्या गावाने तेही एकदा पाहिलेलं आहे.

नानांनी तुकारामाला विचारलं, "ओढशील?"

"ओढस ना नाना," तो म्हणाला, "पण पाय लटलट करी ऱ्हायनात."

नाना पहिल्या गाडीपाशी गेले. हात जोडले. "भाऊसाहेब, चूक माझी. मी चौकात बोललो, चौकातच माफी मागतो. पण माणसं उतरवा. पोराच्या जिवाचा प्रश्न आहे."

भाऊसाहेब वरून हसले. "तुम्हीच विचारलं होतं ना, मतदार कुठे आहेत? हे बघा! आता एकही उतरणार नाही. भगताला जमत नसेल तर दुसरा भगत बघू. अध्यक्षही दुसरा बघू!"

मी फौजदारांकडे बघितलं. फौजदार आभाळाकडे बघत होते. तुकारामाची आई देवळाच्या पायरीवर बसली होती, तिच्याकडे मला बघवेना. मला इतका संताप आला होता की कॅमेऱ्याचं झाकण हातात मोडलं.

नाना चालत देवळाच्या ओट्यावर गेले. माईक हातात घेतला. फुंकर मारली. सगळी यात्रा ऐकायला थांबली.

"हिरामण! ऐकू येतंय ना? तू दर बाजाराला चोपड्याला जातो म्हणून गाडीत बसायचास. आता खाली उतरतोस, की सांगू इथे, तू मधे कुठे उतरायचास?"

बायकांच्या घोळक्यात हिरामणची बायको होती. तिने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे बघितलं.

"नाना! नही नही! उतरस, उतरस मी!" हिरामणने गाडीवरून जी उडी मारली, ती थेट गर्दीत.

नाना शांतपणे पुढे बोलले, "आता दुसऱ्या गाडीवरचा तो निळा शर्ट..."

बाराही गाड्यांवरचे सगळे निळे शर्ट खाली!

"तिसऱ्या गाडीवर तो मिशीवाला..."

आता आमच्या खान्देशात मिशी कुणाला नाही? धपाधप माणसं उड्या मारायला लागली. कुणी चाकावरून, कुणी दांडीवरून, एकाचं धोतर खिळ्याला अडकून तिथेच राहिलं! नाना तोंड उघडायचे आणि गाडी रिकामी व्हायची. यात्रेतल्या बायका पोट धरून हसत होत्या आणि हसता हसता आपापल्या नवऱ्यांकडे बघतही होत्या. बघता बघता बारा गाड्या मोकळ्या. वर उरले एकटे भाऊसाहेब, गळ्यात हार.

नानांनी माईक तोंडाशी नेला. "भाऊसाहेब..."

"नाना, माईक बंद करा!" भाऊसाहेब ओरडले आणि हार सांभाळत स्वतःच खाली उतरले.

मग नानांनी म्हातारी माणसं आणि लेकरं गाड्यांवर बसवली. बसवली म्हणजे खरोखर मांडी घालून. प्रत्येक गाडीला बेताची. एकाही पुढाऱ्याला उभं राहू दिलं नाही. तुकारामाने मरीआईचा जयजयकार केला, दोर ताणला, आणि राव, गाड्या अशा निघाल्या! धुरळा, हळद, लेकरांच्या किंकाळ्या, सगळं गाव बाजूने धावतंय, कन्हैयाशेठ धोतर वर धरून धावतायत, मी रडतोय आणि बटण दाबतोय. तुकाराम देवळाच्या पायरीपर्यंत न थांबता गेला. त्याच्या आईने त्याला सगळ्यांदेखत छातीशी धरलं आणि नानांनी दोघांना चालत घरापर्यंत नेऊन सोडलं. मागे हलगी वाजत होती. भाऊसाहेबांनीही शेवटी गळ्यातला हार काढून तुकारामाच्या गळ्यात घातला, तोही फोटो माझ्याकडे आहे.

संध्याकाळी शेठच्या ओट्यावर आम्ही तिघंच होतो. चहा आला. माझ्या डोक्यात मघापासून एकच किडा वळवळत होता.

"नाना, आता आपण आपणच आहोत. सांगा ना, हिरामण कुठे उतरायचा?"

नानांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली आणि म्हणाले, "मला काय माहीत! चोपड्याच्या गाडीवर मला कधी ड्युटी लागलीच नाही. मी फक्त विचारलं, सांगू का?"